तीनशे नकोत, दीडशे घ्या

'ताई, बीड जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात आमचं 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी चार वर्षं तिथे ग्रंथपाल आहे. बालविभाग म्हणजे दोन कपाटं. त्यांत 'श्यामची आई'च्या सहा प्रती, थोरांची चरित्रं, इसापनीती आणि बरीच पिवळी पडलेली पुस्तकं. यंदा एका सभासदांनी आईच्या स्मरणार्थ बालविभागासाठी 25,000 रुपये दिलेत. दिवाळीपर्यंत खरेदी व्हावी अशी त्यांची इच्छा आहे. एक विक्रेते याच रकमेत 50 टक्के सवलतीनं 300 पुस्तकांचा संच देतो म्हणतात. ग्रंथसंख्या वाढली की दर्जावाढीला उपयोग होईल, म्हणून अध्यक्षांना तो पसंत आहे. कार्यकारिणी म्हणते, पुस्तकं संस्कारक्षम हवीत. मला वाटतं, हा संच आणला तरी मुलं येणार नाहीत. पण मग आणू काय? मी स्वतः लहानपणी फार वाचलेलं नाही, नवं बालसाहित्यही मला माहीत नाही. आठवी-नववीची मुलं येतात आणि 'लहान मुलांचं नको, मोठ्यांचं कळत नाही' म्हणून परत जातात. मागच्या वर्षी एका पुस्तकात मुलीच्या पाळीचा उल्लेख होता म्हणून एक पालक भांडून गेले. ते पुस्तक तेव्हापासून कुलपात आहे. निवड कशी करायची, सांगाल का?'
– एक ग्रंथपाल, बीड जिल्हा

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'मी स्वतः लहानपणी फार वाचलेलं नाही' हे तुम्ही संकोचानं लिहिलंय असं जाणवलं. संकोच करू नका. लहानपणी भरपूर वाचलेली माणसं बालविभागासाठी पुस्तकं निवडायला बसली की पुष्कळदा स्वतःच्या बालपणासाठीच निवडत राहतात. तुम्हाला समोरची मुलं दिसतात, ती हात हलवत परत गेली की टोचतं. सुरुवात करायला एवढं पुरेसं आहे. नवी पुस्तकं कोणती हे शिकता येतं, आणि ते शिकायला दिवाळीपर्यंतचे दिवस पुरतील.

आधी संचाचं बोलू, कारण त्या विक्रेत्यांना उत्तर द्यायचंय. संच घेऊ नका. मी एका शहरातल्या वाचनालयात बालविभाग सांभाळत होते तेव्हा असाच एक संच घेतला होता. शंभर पुस्तकं, अर्धी किंमत, वर कपाट भरल्याचं समाधान. दोन वर्षांनी आवराआवर करताना एकेक पुस्तक उघडून मागे चिकटवलेली तारखेची चिठ्ठी पाहत गेले. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. त्या दोन वर्षांत दुसरी-तिसरीतली मुलं चौथी-पाचवीत गेली होती. त्या वयाची पुस्तकं त्यांच्या हाती आता पुन्हा कधी पडणार नव्हती. पैसे गेल्याचं दुःख मी विसरले, पण ह्या मुलांचं नाही.

असे बरेच संच मुलांनी वाचावेत म्हणून छापलेलेच नसतात, वाचनालयांना विकता यावेत म्हणून छापलेले असतात. छापील किंमतच चढवलेली असते, म्हणून 50 टक्के सवलत परवडते. चाळीस चरित्रं असतील तर चाळिसांचं पहिलं वाक्य 'यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला' असंच असतं. तुम्ही एक करा. नमुना म्हणून त्यातली पाच पुस्तकं मागवा आणि पहिली दोन पानं उलटा. चित्रकाराचं नाव दिलंय का? पहिली आवृत्ती कधीची? अनुवाद असेल तर मूळ लेखक कोण, अनुवादक कोण? ज्या पुस्तकानं चित्रकाराचं नाव छापायचीही तसदी घेतलेली नाही, त्यातली चित्रं कुठून उचलली असतील याचा अंदाज तुम्हाला येईलच. ही पाच पुस्तकं कार्यकारिणीच्या बैठकीत टेबलावर ठेवा, शेजारी दुसरीकडून आणलेली पाच चांगली पुस्तकं ठेवा, आणि सदस्यांना नुसती चाळू द्या. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

अध्यक्षांचा दर्जावाढीचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या प्रत्येक वाचनालयाला आपल्या वर्गाची (अ, ब, क की ड) काळजी असते, आणि ग्रंथसंख्या मोजली जाते हे खरं आहे. त्यांना एवढंच सांगा की सभासदही मोजले जातात आणि तपासणीला आलेले अधिकारी देवघेवीची नोंदवही उघडून बघतात. संचातल्या तीनशेंऐवजी निवडून घेतलेली दीडशे पुस्तकं फिरती राहिली तर बालसभासद वाढतील. शिवाय ही रक्कम अनुदानातली नाही. कुणीतरी आपल्या आईच्या नावानं दिली आहे. त्या पुस्तकांवर त्या माउलीच्या नावाची चिठ्ठी लागणार. न उघडलेल्या पुस्तकावर ती चिठ्ठी लावायची का, हे अध्यक्षांना मऊ शब्दांत विचारून पाहा.

आता निवडीकडे येते. बाजारात जाण्याआधी पंधरा दिवस एक वही घाला. तिच्यात पुस्तकांची नावं लिहू नका, मुलांची लिहा. जी येतात त्यांची, आणि जी दारातून डोकावून जातात त्यांचीही. नावापुढे एकच ओळ: हे मूल कशाबद्दल बोलतं? एकाला ट्रॅक्टरची इंजिनं पाठ असतील. एक मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन येत असेल आणि तो रडला की उठून जात असेल. एखादा सतत सापांबद्दल विचारत असेल. एखादी काहीच बोलत नसेल, तेही लिहा. तीस-चाळीस नावं झाली की तुमची खरेदीची यादी अर्धी तयार झाली. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतली दोन तुम्ही अभ्यासक्रमात पाठ केली असतील: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. परीक्षेत लिहून आपण ती विसरतो. ही वही म्हणजे तीच सूत्रं, तुमच्या गावच्या नावांसकट. दुकानात एखादं पुस्तक हातात घेतलं की वही उघडा आणि हे कुणाला देणार ते ठरवा. एकही नाव सुचलं नाही तर पुस्तक परत ठेवा, कितीही देखणं असलं तरी.

मग पुस्तक मोठ्यानं वाचा. दुकानदार बघतील, बघू देत. पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान. जीभ अडखळली, श्वास चुकीच्या जागी तुटला, तर मुलाचंही तेच होणार. भाषांतरित पुस्तकांत हे फार होतं. मांजर दिसल्यावर गोष्टीतली आजी 'अरे माझ्या देवा, किती हे सुंदर मांजर आहे!' असं म्हणत असेल तर ती आजी मराठी नाही. आपली आजी 'अगंबाई, हे कुठून आलं?' म्हणेल. मुलं कारण सांगू शकत नाहीत, पण असं पुस्तक तिसऱ्या पानावर मिटून ठेवतात, आणि आपण म्हणतो, हल्लीची मुलं वाचत नाहीत.

संस्कारक्षम पुस्तकांबद्दल कार्यकारिणीशी भांडू नका, त्यांचीच कसोटी जरा घट्ट करा. गोष्टीचा शेवटचा परिच्छेद अंगठ्यानं झाका. गोष्ट तरीही पुरी वाटते का? वाटली तर ती गोष्ट आहे. तात्पर्याशिवाय तिला उभंच राहता येत नसेल तर तो निबंध आहे, आणि निबंध त्यांना शाळेत भरपूर मिळतात. श्यामच्या आईच्या गोष्टी 1935 पासून मुलं वाचतायत, ती काही उपदेशासाठी नव्हे. श्याम चुकतो, रुसतो, खोटं बोलतो, लाजतो, आणि वाचणाऱ्या मुलाला त्याच्यात आपण दिसतो. चरित्रांनाही हेच लावा. सावित्रीबाईंवरच्या प्रत्येक पुस्तकात 1848 ची पुण्यातली मुलींची शाळा असते. मी त्या पुस्तकात आणखी काही शोधते. त्या कविता लिहीत आणि 1854 मध्ये त्यांचा संग्रह निघाला, हे आहे का? 1897 च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करताना त्या गेल्या, तो प्रसंग माणसासारखा सांगितलाय का, की नुसती 'प्राणज्योत मालवली'? ज्या चरित्रात थोर व्यक्ती घाबरते, थकते, चुकते, हसते, ते घ्या. पंचवीस फिक्या चरित्रांपेक्षा अशी चार पुरतात.

चित्रपुस्तकांवर तुमचा वाद होणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. 'एका पानावर दोन ओळी, बाकी चित्रं, आणि एवढी किंमत?' हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. अशा वेळी मी प्रश्न विचारणाऱ्यांनाच चार वर्षांच्या मुलाशेजारी बसवते आणि पुस्तक उघडून देते. मोठा माणूस दोन ओळी वाचतो आणि पान उलटायला जातो. मूल हात धरतं. त्याला दाराआड लपलेली शेपटी दिसलेली असते, फडताळावरचा उलटा डबा दिसलेला असतो, आणि मागच्या पानावर आईच्या पायात चप्पल होती, या पानावर नाही, हेही त्यानं हेरलेलं असतं. अक्षरं यायच्या आधी मूल चित्र वाचतं, क्रम लावतं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधतं. वाचन म्हणजे हेच; अक्षरं नंतर येऊन मिळतात. म्हणून चित्रपुस्तक निवडताना बघायचं ते हे की शब्दांत नसलेलं काहीतरी चित्र सांगतंय का. शब्दांत 'बाळ हसलं' आणि चित्रात हसणारं बाळ, एवढंच असेल तर मुलाला दुसऱ्यांदा बघण्यासारखं त्यात काही उरत नाही. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली त्यांची लहान मुलांची पुस्तकं एकदा नीट बघा. घरातली गर्दी, शेजारपाजार, रुसवे, अंथरुणं-पांघरुणं, सगळं आपल्याकडचं. तुमच्या डोळ्यांना तिथून वळण लागेल, आणि मग इतरांची चित्रपुस्तकंही तुम्हाला नीट पारखता येतील.

चित्रांत घरं कुणाची आहेत तेही बघा. माझ्या अनुभवात आपल्या बालपुस्तकांतली घरं पुष्कळदा फ्लॅटची असतात. आजोबा खुर्चीत पेपर वाचतात, आई ओट्याशी असते, आणि गाव फक्त सुट्टीत येतं. तुमच्या मुलांचं गाव सुट्टीतलं नाही. ती तिथेच राहतात. वाडा, तांडा, वस्ती, पत्र्याचं घर, शेळ्या, टँकरच्या रांगा, उर्दू शाळेत जाणारा मित्र, दिवसभर शेतात राबणारी आई, हे कुठल्यातरी पानावर दिसायला हवं. सगळीच पुस्तकं तशी नकोत. समुद्र, बर्फ, रेल्वे, अंतराळ, जपानातली शाळा, हेही त्यांच्या हक्काचं आहे. पण शंभरांतल्या एकाही पुस्तकात आपल्यासारखं नाव नाही, आपल्यासारखा रंग नाही, हे मुलाला न सांगता कळतं.

तुमच्या भागात काही घरांत गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात, काहींत दखनी उर्दू. त्या मुलांना पहिली-दुसरीत प्रमाण मराठीची पुस्तकं दुहेरी अवघड जातात: अक्षरंही नवी आणि भाषाही. त्यांच्यासाठी छोटी वाक्यं, कमी जोडाक्षरं, आणि पुन्हापुन्हा येणारी ओळ असलेली पुस्तकं वेगळी काढा. इथे प्रथम बुक्सचा खूप आधार आहे. 2004 मध्ये सुरू झालेली ही संस्था स्वस्त आणि सुंदर पुस्तकं काढते, मागे वाचनाची पायरीही छापते, एक ते चार. 2015 पासून त्यांचं 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथली पुस्तकं फुकट वाचता येतात, छापता येतात आणि आपल्या भाषेत करताही येतात. परवाना तसाच खुला आहे. तांड्यावरच्या एखाद्या आजीला बोलवा. तिला एक चित्रपुस्तक दाखवा, ती गोरमाटीत सांगेल ते देवनागरीत उतरवून घ्या आणि त्या-त्या पानावर चिकटवा. खर्च काहीच नाही. आजीचा नातू ते पुस्तक किती जणांना दाखवत फिरतो ते बघा.

आता आठवी-नववी. तुमच्या पत्रातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच, आणि मराठी बालसाहित्याची सगळ्यांत दुखरी जागाही हीच. बाराव्या वर्षापर्यंत बऱ्यापैकी पुस्तकं आहेत, अठराव्यानंतर सगळं वाङ्मय खुलं आहे, मधल्या सहा वर्षांत मात्र मुलाला एकट्यानं उडी मारावी लागते. पुष्कळ मुलं ती मारत नाहीत आणि वाचन तिथेच संपतं. म्हणून तुमच्याकडे येणारी ती मुलं परत जाऊ देऊ नका. त्या दोन कपाटांखेरीज वेगळा एक खण फक्त त्यांचा करा. त्यावर 'बाल' हा शब्द कुठेही लिहू नका. आणि हा खण लहानांच्या कपाटाशेजारी ठेवू नका, वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ ठेवा.

हा खण भरायला सगळी पुस्तकं विकत घ्यायला लागत नाहीत. निम्मी तुमच्याकडे आधीच असतील, मोठ्यांच्या विभागात. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 मध्ये आलं, ते जवळपास प्रत्येक वाचनालयात असतं. गुलामीत जन्मलेल्या मुलानं शिक्षणासाठी केलेली पायपीट चौदाव्या वर्षी वाचली तर ती आयुष्यभर साथ देते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर स्वतःच कोवळा आहे, आणि त्यातला दुष्काळ तुमच्या मुलांना कुणी समजावून सांगावा लागणार नाही. नारळीकरांच्या विज्ञानकथा, मतकरींच्या गूढकथा तिथे आणून ठेवा. दाखल नोंदवहीतला क्रमांक बदलायची गरज नाही, फक्त जागा बदला. भुताखेतांच्या, भीतीच्या, साहसाच्या गोष्टींना नाकं मुरडणारे सदस्य असतील. त्यांना सांगा की भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे वाचून मराठीतल्या कितीतरी पिढ्यांना वाचनाची गोडी लागली. आधी पानं उलटायचा वेग यावा लागतो, गंभीर पुस्तकं मग त्यांची तीच शोधतात.

नवी घ्यायची असतील तेव्हा साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची यादी समोर ठेवा. 2010 पासून मराठीतही हा पुरस्कार दिला जातो. 2019 मध्ये सलीम सरदार मुल्ला यांच्या जंगलातल्या शोधकथेला तो मिळाला, 2024 मध्ये भारत सासणे यांच्या भूतबंगल्याच्या कादंबरीला. पण पुरस्कार मिळाला म्हणून डोळे झाकून घेऊ नका. त्या पुस्तकालाही अंगठा लावा, मोठ्यानं वाचा, वहीत नाव शोधा. आणि सहावी ते नववीतल्या चार मुलामुलींना बरोबर घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानात घेऊन जा, किंवा निदान प्रकाशकांच्या सूच्या त्यांच्यासमोर पसरा. एका वाचनालयात आम्ही प्रत्येकाला 500 रुपयांची मुभा दिली होती: तुला हवं ते निवड, वाच, आणि इतरांना त्याबद्दल सांग. एका मुलानं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं पुस्तक घेतलं. आमच्यातल्या कुणाच्या यादीत ते आलं नसतं. वर्षभर ते पुस्तक कपाटात टेकलंच नाही.

मुलं वाचायला घेतात ते पुस्तक आधी तुम्ही वाचलेलं असावं, निदान या खणातलं. मैत्री, शरीर, पहिलं प्रेम, घरातली भांडणं, जात, अपयश, मरण, हे सगळं त्या वयात त्यांच्या मनात चालू असतं आणि बोलायला कुणी नसतं. त्यामुळे कुलपातल्या त्या पुस्तकाबद्दल स्पष्ट सांगते: ते बाहेर काढा. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला पाळी येते किंवा येणार आहे. त्याबद्दल तिला नीट शब्दांत सांगणारं पुस्तक कुलपात ठेवणं म्हणजे, ही लपवायची गोष्ट आहे, असं तिला वाचनालयानं सांगणं. 'मुलांना असे जड विषय कशाला', असं कुणी म्हटलं तर मुक्ता साळवेची आठवण करून द्या. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या त्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिच्या वयाच्या मुली आज तुमच्या दारातून परत जातायत. तिला लिहिता आलं ते यांना वाचताही येऊ नये?

पण भांडून गेलेल्या त्या पालकांनाही वाऱ्यावर सोडू नका. त्यांना बोलवा, चहा द्या, पुस्तक हातात द्या आणि पुरतं वाचायला सांगा. आक्षेप बहुतेक वेळा एका पानाचा असतो. तुमच्या संरक्षणासाठी मात्र एक पानभर निवड-धोरण लिहून घ्या आणि कार्यकारिणीकडून ठराव करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्यात तीन गोष्टी असल्या की झालं. पुस्तकं कोण निवडेल: ग्रंथपाल, एक शिक्षक, एक पालक, दोन मुलं. कशावर निवडेल: वर सांगितलेल्या कसोट्या. आणि तक्रार आली तर ती लेखी घेतली जाईल, तीन जण पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतील, महिन्याभरात निर्णय देतील, तोवर पुस्तक कपाटात उघडंच राहील. आपल्या मुलानं काय वाचू नये हे पालक ठरवू शकतात. गावातल्या सगळ्या मुलांसाठी एकट्यानं कुणी ठरवू शकत नाही. एवढा कागद हाताशी असता तर मागच्या वर्षी तुम्हाला एकटीला उभं राहावं लागलं नसतं.

पैशांचं असं करा. आठ हजारांची चित्रपुस्तकं, सहा हजारांची सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी, सहा हजार कुमारांच्या खणासाठी, दीड हजार अंकांसाठी. साडेतीन हजार राखून ठेवा. दिवाळीत पुस्तकं आली की मुलं मागायला लागतील, 'याचा दुसरा भाग आहे का?' त्या मागणीसाठी ते पैसे. देणगीदारांना हे आधी सांगा. ते नाही म्हणणार नाहीत. डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुस्तक महोत्सव भरतो, 2023 पासून. जमलं तर ती रक्कम घेऊन तिथे जा. मुलांची इतकी पुस्तकं एकाच ठिकाणी हातात घेऊन बघायला क्वचित मिळतात. नाहीतर तुमच्या जिल्ह्याचा ग्रंथोत्सव आहेच. अंकांमध्ये बालभारतीचा 'किशोर' घ्या. 1971 पासून तो निघतोय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक आणि युवा अंकही घ्या, दोन्हींच्या चार-चार प्रती. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घेणं उधळपट्टी समजू नका. मैत्रिणींना एकच गोष्ट एकाच आठवड्यात वाचायची असते.

बांधणी बघायला विसरू नका: पुस्तक मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबा. नुसत्या डिंकावरची बांधणी तिथेच कुरकुरते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात तो दिसला तर विचारा. जुनी पिवळी पुस्तकं रीतसर निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून बाद करण्याच्या, ठरावानं काढून टाका, नाहीतर नवी पुस्तकं त्यांच्यात हरवतील. आणि सगळी पुस्तकं कण्याकडून लावू नका. भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला दोरी बांधा, कपड्यांच्या चिमट्यांनी वीस मुखपृष्ठं टांगा, दर सोमवारी बदला.

शेवटचं, आणि हे फक्त तुमच्या जिल्ह्यासाठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुमच्या गावातून कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, निघतील. आईबापांबरोबर काही मुलं साखर कारखान्यांच्या फडांवर जातील ती मार्च-एप्रिलमध्येच परततील, काही हंगामी वसतिगृहात राहतील. वहीत त्यांची नावं वेगळ्या रंगानं लिहा. खरेदीतली हलकी, जाड कागदाची, शिवलेली तीस-चाळीस पुस्तकं त्यांच्यासाठी बाजूला काढा. कापडी पिशवीत प्रत्येकाला पाच द्या, थोरली बहीण सांभाळणार असेल तर तिच्यासाठी एक कुमारांच्या खणातलंही. सात दिवसांचा नियम त्यांना लावू नका. परतीची तारीख म्हणून चिठ्ठीवर गुढीपाडवा लिहा. अनामत घेऊ नका. काही पुस्तकं फाटतील, पाचटात हरवतील, एखादं परत येणारच नाही. तेवढं नुकसान धोरणाच्या त्याच कागदावर आधीच मंजूर करून घ्या. मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडे चौकशी करा, त्या कधी निघणार ते. आणि ट्रक यायच्या आदल्या दिवशी वाचनालय संध्याकाळी सातला बंद करू नका. त्या दिवशी घरोघर बांधाबांध चालू असते, मुलांना सवड उशिरा मिळते.

तुमची,
ताई